हसू संपलं की उठायचं

धुळ्याच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या भिकुबाईचं लक्ष आपल्या खोकल्यापेक्षा शेजारच्या बाकाकडेच जास्त होतं. तिथं गिरधरनाना गुडघा चोळत बसले होते आणि सोबत आलेला अभिमन त्यांना बोलतं करत होता.

"नाना, तमाशात तुम्ही सोंगाड्या. नुसत्या जिभेवर लोकांना लोळवायचे. मग मूकपटात काय केलं?"

"पडलो. सहा वर्षं रोज पडलो. जिन्यावरून, बैलगाडीवरून, एकदा तर घोड्यावरून."

"पडायला काय लागतं?"

"पडायला काही नाही लागत. लोक हसतात तोवर उठायचं नाही, हे खरं काम. हसू संपलं की उठायचं."

"पण शूटिंगला हसणारं कोण?"

"कोणी नाही. मी मनात दहा मोजायचो, मग उठायचो."

"बोलपट आला तेव्हा तर तुमची चांदीच झाली असेल!"

"मलाही तसंच वाटलं. पहिलंच वाक्य बोललो, 'कसं काय शे, भाऊ?' साहेब म्हणे, शुद्ध बोला. शुद्ध बोललो, तर कोणी हसेना. दुसऱ्या दिवशी धुळ्याची गाडी धरली. वीस वर्षं झाली त्याला."

"मग परत फडात?"

"परत फडात."

कंपाउंडरनं नानांचं नाव पुकारलं. नाना उठले, दोन पावलं चालले आणि उंबऱ्यात धाडकन पडले. इतका वेळ ऐकत बसलेला सगळा दवाखाना हसला. भिकुबाईही तोंडाला पदर लावून हसली.

हसू संपलं. नाना उठले नाहीत.

"अभिमन, हात दे रे. हाई पडनं खरं शे."