बदकांचा पाहुणा आणि गिल्हूलींचा मेळावा

...आणि नेमका तेव्हाच पाववाला आला हो! आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. गोरेटीच्या दुकानात मी लोणी घ्यायला उभी. म्हणजे लोणी घरात होतं, पण दुकानात दोघीजणी डोक्याला डोकं लावून बोलायला लागल्या की माझ्या घरातलं लोणी संपतं, त्याला मी काय करू? तर गोरेटी कुजबुजत होती, "अगं, तो अमेरिकेत टीव्हीवर हवामान सांगतो तो, वॉल्टर गिल्हूली, तो येतोय आपल्या मेळाव्याला! आणि मूळचा कुणाचा म्हणशील? ऐकलंस तर बसशील खाली. तो आहे त्या—" आणि धाडकन दार उघडून पाववाला आत! आज हा पाव कमी आहे, उद्या तो जास्त आणतो, माझी कंबर दुखते... आणि गोरेटीचं ते वाक्य जे लोंबकळत राहिलं ते राहिलंच. नंतर विचारलं तर म्हणते, "कशाबद्दल बोलत होते गं मी?" जीव जातो हो माणसाचा!

तुम्ही म्हणाल, गिल्हूली तर गिल्हूली, त्यात कुणाचा म्हणजे काय? अहो, तीच तर गोम आहे. आमच्या ड्रमलाहन गावात डोळे मिटून दगड भिरकावा, गिल्हूलीलाच लागणार! मी माहेरची गिल्हूली, सासरचीही गिल्हूली. लग्नात आमच्या फादरनी नाव वाचलं आणि कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. नवऱ्याने एवढं लग्न करून मला दिलं काय, तर जे होतं तेच! मग माणसं ओळखायची कशी? तर घराण्यांच्या टोपणनावांनी. माझं माहेर मीठवाल्यांचं, सासर शिडीवाल्यांचं... यांच्या पणजोबांनी कुणाची तरी शिडी नेली ती परत केली नाही, एवढीच आमची कीर्ती. युजीन मास्तर बिशपांचे, कारण त्यांच्या घराण्यात एक बिशप होऊन गेला, आणि तेव्हापासून त्या घरात कुणी साधं शिंकत नाही, आशीर्वाद दिल्यासारखं शिंकतात. आणि आमच्या कुंपणापलीकडचा बार्टली... तो बदकांचा.

बदकांचा का? त्याच्या आजोबांच्या वेळी उन्हाळ्यात बिशपांची मिरवणूक निघाली होती. फुलं, मेणबत्त्या, पांढऱ्या झग्यातल्या मुली, सगळं गाव गुडघ्यावर. आणि यांच्या तळ्यातून बदकं निघाली, रांगेने, आणि थेट बिशपांच्या मागे लागली हो! वेदीपर्यंत! बिशप थांबले की थांबायची, चालले की चालायची. झालं! तेव्हापासून ते घराणं बदकं. बाकीची टोपणनावं तोंडावर बोलायची. हे मात्र पाठीमागे, आणि तेही कसं? "क्वॅक!" बार्टली तरुण होता तेव्हा नाचाला गेला, छान मुलगी होती बरोबर, कोपऱ्यातून कुणीतरी "क्वॅक" केलं, मुलगी फिसकन हसली... आणि तो नाच अर्धा टाकून घरी आला तो आजतागायत एकटाच आहे. त्याचा काका मॅट तर त्या क्वॅकक्वॅकला कंटाळून पोरवयातच अमेरिकेला पळाला. पत्र नाही, पत्ता नाही. म्हणजे बार्टली गेला की बदकं संपली.

तर मेळावा. मास्तरांच्या डोक्यातून निघालेलं खूळ! जगभरातल्या गिल्हूलींना गावात बोलवायचं आणि सभागृहात 'थोर गिल्हूली' म्हणून एक भला मोठा फलक लावायचा. आता थोर कोण? पहिले अर्थात मास्तरांचे बिशप. मग आमच्या मीठवाल्यांनी एक जनरल शोधून काढला, दक्षिण अमेरिकेतला. लढाई हरला होता, पण घोड्यावर बसून हरला. एक मुष्टियोद्धा होता, तो पहिल्याच फेरीत आडवा झाला, पण ज्याने पाडलं तो जगज्जेता होता, म्हणून यालाही फलकावर जागा! माणसं संपली तेव्हा गावं घेतली. ऑस्ट्रेलियात म्हणे गिल्हूली नावाचं गाव आहे, तिथे एक पेट्रोल पंप आहे, आणि तोही बंद. कॅनडात गिल्हूली पूल होता, तो पडला. "पडला हे लिहायचं नाही," मास्तर म्हणाले, "नुसतं पूल लिहायचं." जगात कुठेही दगड भिरकावा, गिल्हूलीलाच लागणार, हे सिद्ध करायला निघाले होते ना!

आणि वर हुकूम सोडला: मेळाव्यात एकानेही टोपणनाव काढायचं नाही! "बाहेरची माणसं येणार. शिडी काय, मीठ काय, बदकं काय! आपण काय रानटी आहोत? सगळ्यांनी छातीवर खरं नाव लावायचं." अहो, पण मास्तर, खरं नाव आम्हाला कुठे माहीत असतं एकमेकांचं?

इकडे गोरेटीच्या त्या तुटक्या वाक्याने गावात वणवा पेटला. "तो टीव्हीवाला त्या—" कुणाचा? जो तो आपलं नाव जोडायला लागला. मी? मी कशाला खोटं बोलू? मी फक्त एवढंच म्हटलं, की टीव्हीवर त्याचं कपाळ पाहिलंत तर ते हुबेहूब माझ्या वडिलांचं आहे. पावसाचा अंदाज तर आमच्या मीठवाल्यांच्या रक्तातच आहे, मीठ ओलं झालं की आम्हाला कळतंच!

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते, म्हणजे कपडे ओलेच होते असं नाही, पण बार्टली घराच्या भिंतीला चुना लावत होता ना. बाई गं! त्या भिंतीने माझ्या लग्नानंतर चुना पाहिला नव्हता. मला पाहून कुंपणापाशी आला, हातात ब्रश, नाकावर चुना.

"असम्प्टा, तुला सगळं कळतं. हा येतोय तो... माझ्या मॅटकाकाचा कुणी असेल का गं?"

"अरे बार्टली," मी म्हटलं, "टीव्हीवरचा माणूस तो! तुमच्यातला कसा असेल?"

नुसता "हं" म्हणाला आणि पुन्हा चुना लावायला गेला. आणि लावला बरं का, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. मला रात्रीचं जेवण गेलं नाही... म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

मेळावा सुरू झाला आणि काय सांगू तुम्हाला! फादरनी दिवंगत मेरी गिल्हूलींसाठी प्रार्थना म्हटली तर सभागृहातल्या जिवंत मेऱ्या दचकून एकमेकींकडे बघायला लागल्या. मास्तर ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "मायकल गिल्हूली यांनी आपली गाडी दारातून काढावी," तर अर्धं सभागृह उठून बाहेर! आणि गाडी कुणाची? फादरची!

तेवढ्यात तो आला. वॉल्टर गिल्हूली. बसमधून उतरला, उंच, वाकलेला, कानांवर ओढलेली टोपी. मी म्हटलं, टीव्हीवर जरा भरलेला दिसायचा नाही का? नवरा म्हणाला, "टीव्हीवर सगळेच फुगतात." आणि जी झुंबड उडाली! मास्तरांनी एक हात धरला, मीठवाल्यांनी दुसरा. इकडे चहा, तिकडे हॅम, मी स्वतः त्याला सफरचंदाच्या केकचा तुकडा दिला. तो बिचारा काहीतरी विचारायला तोंड उघडायचा की आम्ही त्यात केक घालायचो. "हे कपाळ बघा!" "हे नाक आमचं!" "हसतो कसा, थेट आमचा बिशप!" अहो, बिशप जन्मात हसले नव्हते! आणि बार्टली? सूट घालून सगळ्यांच्या मागे, हातात चहाची भली मोठी किटली. कुणीतरी त्याला वाढायला उभं केलं होतं. दर वेळी पुढे यायचा, पाहुण्याचा कप भरलेला बघायचा, मागे सरायचा.

मग फलकाचं उद्घाटन. पाहुणा उभा राहिला, टोपी हातात घेतली.

"तुम्ही फार प्रेमाने खाऊ घातलंत," म्हणाला, "पण तो टीव्हीवरचा वॉल्टर गिल्हूली मी नव्हे. मी घरं उबदार ठेवणारे बॉयलर दुरुस्त करतो. त्याची पत्रं कधीकधी माझ्याकडे येतात, एवढाच आमचा संबंध."

माझ्या शेजारणीने त्याच्या पुढ्यातला केक हळूच मागे ओढला, मी स्वतः पाहिलं. आणि कपाळ! आता नीट पाहिलं तर ते माझ्या वडिलांसारखं अजिबात नव्हतं हो.

तो पुढे म्हणाला, "माझा बाप या गावचा. अखेरच्या आजारात मला म्हणाला, तिकडे जाऊन गिल्हूली म्हणू नकोस, कुत्रंही ओळखणार नाही. सांग, मी बदकांचा. मग तुला घर मिळेल. तर... इथे बदकं कोण?"

मास्तर खाकरले. माझ्याकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, आणि तुम्हाला सांगते, तो बिशपांच्या घरचा माणूस भर सभेत म्हणाला, "आपला काहीतरी गैरसमज झालाय. अशा नावाचं इथे कुणी नाही."

मी बार्टलीकडे पाहिलं. त्याचा चेहरा त्याच्या भिंतीसारखा पांढरा. गप्प बसला असता तर कुणीही काही म्हटलं नसतं, उलट सुटलो म्हणाले असते. जन्मभर ज्या शब्दाने त्याला दाराआड बसवलं, तो शब्द आता सगळ्या गावासमोर, परक्या देशांतल्या पाहुण्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा? किटलीतून चहा ठिबकत होता, त्याच्या बुटावर. मी मनात म्हणते, बोल रे मेल्या, बोल!

त्याने किटली खाली ठेवली. "आहे," म्हणाला. "मी बदकांचा. मॅट माझा काका."

आणि मागून कुणीतरी, गाढव कुठला, केलंच! "क्वॅक!"

बार्टली जागीच आखडला. पण पाहुणा? त्याचं तोंड असं उजळलं! म्हणाला, "अरे वा! आमच्याकडे जेवायला बसताना बाप असाच आवाज काढायचा, मग आम्ही सगळी पोरं!" आणि छाती भरून जी आरोळी ठोकली, "क्वॅऽऽक!" की खिडक्या थरारल्या. आणि मग, देवाशपथ सांगते, आमचा बार्टली, ज्याचा आवाज मी कधी 'हं'च्या वर चढलेला ऐकला नव्हता, त्याने मान वर केली आणि उत्तर दिलं. तसंच. त्याहून मोठ्याने! दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि छातीवरचं नाव ओरबाडून काढून टेबलावर ठेवून बार्टली त्याला घेऊन चालता झाला. सगळे त्यांच्यामागे दाराकडे धावले, आणि फलक शेवटी मास्तरांनीच उघडला. बघायला ते आणि तो पडलेला पूल.

बरं, गोष्ट इथेच संपावी ना? नाही! सभागृहातला बॉयलर दोन हिवाळे थंडगार पडला होता. जाता जाता त्या वॉल्टरने आत डोकावून त्याला दोन ठोसे दिले, काय फिरवलं देव जाणे, आणि सभागृह उबदार! झालं, दुसऱ्या दिवसापासून गावात बदकांचं पीक आलं. "माझी आजी बदकांचीच होती." "आमच्या मावशीच्या घरी बदकं होती." ज्या घरातला बॉयलर बिघडलेला, त्या घरात बदकाचं रक्त! हो, मग काय, दगड भिरकावा, गिल्हूलीलाच लागणार, पण बॉयलर बिघडला तरच तो नात्याचा निघणार!

आता गोरेटी दुकानात हात कमरेवर ठेवून म्हणते, "मी सांगतच होते, तो बदकांचा आहे!" अगं बाई, अमेरिकेचा खरा, बदकांचा खरा, पण हवामानाचं काय? "ते पाववाल्याने मला बोलू दिलं असतं तर मीच सांगितलं असतं, कदाचित तो नसेल." ऐका!

वॉल्टर अजून आहे. तिकीट पुढे ढकललंय म्हणे. रोज संध्याकाळी बार्टलीच्या घरात दिवा असतो, दोन कप दिसतात, आणि हसतात हो दोघं, अगदी पोट धरून. कशाला हसतात? काय बोलतात? मॅटकाकाचं काय सांगतो तो? मी कपडे वाळत घालून घालून झिजवले. पण त्या वॉल्टरने आल्याआल्या बार्टलीच्या खिडकीच्या फटी बुजवल्या, म्हणे ऊब बाहेर जाते! आणि आता सगळं गाव दुकानात मला गाठून विचारतं, "असम्प्टा, तुझ्या शेजारी काय चाललंय गं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणावं लागतं... "मला नाही बाई ठाऊक."