दुसऱ्या मुठीचा माणूस

जबाब देणार : भैयाजी पांडुरंग दोनाडकर, वय ४६ वर्षे, धंदा जंगल ठेक्यावर मुकादमी, राहणार ब्रह्मपुरी, हल्ली मुक्काम कूप (जंगलतोडीचा पट्टा) नंबर चार, एटापल्ली रस्ता, जिल्हा चांदा. दिनांक २१ मार्च १९५८.

मी स्वतःच्या पायानं ठाण्यात आलो असून, विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे. हवालदारसाहेबांना आधीच बजावलं आहे की मी जसा बोलतो तसंच लिहा, मागून रंधा मारू नका. उद्या कोर्टात वाचलं तर माझा शब्द मले ओळखू आला पाहिजे.

मी ठेकेदार गुणवंतराव यांच्याकडे अकरा वर्षांपासून मुकादम आहे. माझ्या हाताखाली आराकसांच्या आठ जोड्या. जोडी म्हणजे दोन माणसं, मधी झाड, अन् दोन्ही टोकांना मूठ असलेला एक आरा. मयत मुखरू दशरू मेश्राम, वय अंदाजे ५५, अन् त्याचा लहान भाऊ सुकलू, वय अंदाजे ३५, ही माझी सगळ्यात चांगली जोडी होती. चांगल्याले चांगलं म्हणायले माझी जीभ झडत नाई. माय-बाप मेल्यावर मुखरूनंच सुकलूले वाढवलं, अन् वीस वर्षं दोघं एकाच आऱ्यावर समोरासमोर बसले.

ह्या लोकांची एक रीत आहे. झाड पडायच्या आधी आतून कडकते, त्याले हे 'झाड बोललं' म्हणतात. जोडीतला मोठा खोडाले कान लावून असते. बोललं की तो 'सोड रे!' म्हणून हाक देते, अन् दोघं मुठी सोडून एकाच बाजूनं पळतात. हाक फक्त त्याचीच चालते. बाकीच्यानं बोंबलून गळा फाडला तरी आराकस जागचा हालत नाई.

मशीनचा आरा मी आधी एक पाहिला होता, पण तो हल्याच्या पारड्याएवढा जड. दोघांनी धरायचा, अन् आणखी दोघांनी त्यांचे खांदे चोळायचे. मले हलका पाहिजे होता. मागच्या दिवाळीपासून नागपुरात चार दुकानं फिरलो. एक दुकानदार तर म्हणला, "काऊन भैयाजी, वाघाची दाढी करता का?" शेवटी चांद्याचा अयूब मिस्त्री, जो पंपाची इंजिनं दुरुस्त करते, त्यानं एका गोदामात पडलेला खोका दाखवला. नमुन्याले आलेला, कोणी घेतला नव्हता. वजन बारा शेर. पुढं पात्यावर साखळी, वर एक दांडी, अन् मुख्य मूठ मागच्या बाजूला, चाप त्याच मुठीत. एकट्यानं उचलायचा, एकट्यानं चालवायचा. मी हातात घेतला अन् खरं सांगतो, खाली ठेवावासा वाटला नाई.

अयूब तेव्हा म्हणला, "भैयाजी, चीज अच्छी हाय, पर आवाज लय करते. बाजूवाल्याची हाक ऐकू नाई येनार." मी म्हणलो, "जंगलात गप्पा मारायच्या हायेत का?"

तारीख ३ मार्चपासून अयूबनं सुकलूले शिकवलं. तीन दिवसांत सुकलूचा हात बसला. जे सागवान जोडीले सकाळपासून जेवणापर्यंत पुरे, ते विडी संपायच्या आत आडवं. त्या दिवशी मी लेकीच्या लग्नात नाचलो नसन एवढा खूश होतो. पण मुखरूच्या हाताले मूठ राहिली नाई. मी त्याले बोलावून सांगतलं, "मुखरू, ह्या आऱ्याले दुसरी मूठ नाई. तू आता घरी जाय."

तो म्हणला, "मी समोर उभा राह्यतो, भाऊ. मजुरी नका देऊ."

"कशाले? झाडाले धीर द्याले?" मी म्हणलो. सगळे हासले. सुकलू हासला नाई.

तरी तो रोज येत राहिला. खोडाले कान लावून समोर उकिडवा बसे, अन् दोन्ही हात मूठ धरल्यासारखे पुढं ठेवे. सवयीनं हात मागंपुढंही होत. मी लोकांना बोलावून दाखवलं की पाहा रे, बुढा हवा कापून राह्यला. त्याची नक्कलही केली. हे विचारलं म्हणून सांगतो, गुन्हा म्हणून नाई.

खरा ताप वेगळाच होता. सुकलू घडीघडी मशीन बंद करे, म्हणजे मुखरूले झाड ऐकू यावं. मुखरू म्हणे, "अजून नाई." मग पुन्हा दोरी ओढा, पुन्हा धूर, पुन्हा तेच. पावसाळ्यात रस्ता पाण्यात गेला की माल जंगलातच सडते, अन् हे दोघं झाडाशी सल्लामसलत करून राह्यले! १७ तारखेले मी सगळ्यांसमोर सांगतलं, "आजपासून झाड पडेपर्यंत मशीन बंद होनार नाई. अन् मुखरू, तू एकदा जरी 'सोड' म्हणलास, तर सुकलूच्या हातातून मशीन काढीन अन् त्यालेही तुह्यासंगं हाकलीन."

मुखरू म्हणला, "अन् झाड बोललं तर, भाऊ?"

मी म्हणलो, "बोलू दे. तू नको बोलू."

हे रागानं म्हणलो का, असं साहेबांनी विचारलं. नाई. तोंडात पान होतं, हासत म्हणलो. भावासाठी हा माणूस काहीही गिळून घेईन हे मले माहीत होतं, म्हणून नेमकं तेच म्हणलो. मुकादमी अशीच चालते.

तारीख १९ मार्च, सकाळी दहाच्या सुमारास, उतारावरचं एक मोठं सागवान कापणं चालू होतं. खोड बुडाशी आतून पोकळ निघालं, ते मागून कळलं. मी अन् अयूब वीस-पंचवीस पावलं वर उभे होतो. मशीन चालूच होती. मुखरूनं खोडावरून कान काढला अन् मान वर केली. त्यानं भावाकडं नाई, आधी माझ्याकडं पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं. मी बोट वर केलं. त्यानं तोंड मिटलं.

मग तो खोडाले वळसा घालून पळत गेला अन् त्यानं दोन्ही हातांनी सुकलूले ढकललं. सुकलू मशीनसकट झुडपात पडला. खोड बुडातून उभं फाटलं, खुंटावरून मागं सरकलं अन् मुखरूवर आलं.

झाड बोललेलं मले ऐकू आलं का, असं विचारलं. आलं. मशीनपासून लांब असलं की स्वच्छ ऐकू येते. मग मी काऊन ओरडलो नाई, असं विचारलं. माझ्या हाकेवर ती माणसं हालत नाईत, हे मी वर लिहून दिलं आहे.

मुखरू कमरेपासून खाली दबला होता. अयूब म्हणला, "जान बाकी हाय, भैयाजी. मशीन लावू, पाच मिन्टाचं काम." मी नाई म्हणलो. ज्या ठिकाणी कापावं लागत होतं तिथं लाकूड एक नंबरचं होतं, मधून कापलं असतं तर जळतनाच्या भावात गेलं असतं. मी म्हणलो, बल्ल्या लावून उचला. सातही जोड्यांनी बल्ल्या लावल्या. खोड उचललं नाई, पण घसरू नये म्हणून सगळ्यांना तसंच धरून राहावं लागलं.

तेव्हा सुकलू झोपडीतून त्यांचा जुना आरा घेऊन आला. मशीन त्यानं मांगलीच नाई. खोडावर आरा ठेवून एका मुठीले बसला. दुसऱ्या मुठीले कोणी नव्हतं, सगळ्यांचे हात बल्ल्यांना, अयूबचेही. मुखरूची बायको सोमारी भाकर घेऊन आली होती. ती गाठोडं खाली ठेवून दुसऱ्या मुठीले बसली. मी म्हणलो, "बाई, हे बायकांचं काम नाई. अन् लाकूड खराब करू नका." ती म्हणली, "तुमी तिकडं पाहा, भाऊ. तुमाले तेच जमते."

तिले ओढता येत नव्हतं. आरा अडके, सुकलू सोडवे, पुन्हा ओढत. मुखरू पडल्या पडल्या तिले सांगत होता, "ढकलू नोको. नुसती वोढ." हे चार-पाच वेळा म्हणला. मग म्हणला नाई. ती तरी ओढतच राहिली. लाकूड तुटलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते.

त्यानंतर सुकलू कामावर आला नाई. मशीनले दुसरा एकही माणूस हात लावत नाई. काल, तारीख २०, मी स्वतः एका झाडाले मशीन लावली. अर्धं कापून झालं अन् बंद केली. खोडाले कान लावला. मले काही कळलं नाई. समोर कोणी उभं राहा म्हणून मी हाक दिली, दोनदा दिली. सगळे आपापल्या जाग्यावर बसून होते. मी मशीन तिथंच सोडून निघालो. झाड तसंच अर्धवट उभं आहे, त्याच्याखालून कोणी जाऊ नये.

वर लिहिलेलं हवालदारसाहेबांनी मले सावकाश वाचून दाखवलं. बोट वर केल्याचं तेवढं काढा, असं मी म्हणलो. जसा बोलतो तसंच लिहा हे तुमचंच सांगणं होतं, असं साहेब म्हणाले. होतं. बाकी मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, अन् ते बोटाचंही खरं आहे. म्हणून खाली सही करतो.

भैयाजी पांडुरंग दोनाडकर