अस्तराखालचा कापूस

ताई : नकली म्हणजे नकली, मास्तर! संग्रहालयवाल्यांनी तसं लेखी कळवलंय.

मास्तर : आधी तो कोट नीट धरा. सेनापतीचा कोट आहे ताई, बाजाराची पिशवी नव्हे.

ताई : बाहेरून कंबर बेचाळीस, आतून छत्तीस, मधे नुसता कापूस कोंबलेला. त्यांचं म्हणणं, विजयाच्या परेडला वडिलांनी घातलेला कोट हा नव्हेच. कुण्या नाटकवाल्याचा असणार.

मास्तर : नाटकवाल्याचा? हा काखेतला टाका बघा. दुहेरी, आणि उलट्या हाताचा. या शहरात लष्कराचे कपडे शिवणारा डावखुरा शिंपी एकच, आणि तो बिनदाताच्या तोंडानं तुमच्यासमोर बोलतोय.

ताई : मग तसं दोन ओळीत लिहून द्या, मी निघते. वारस म्हणून धावपळ माझ्या वाट्याला आलीय, एवढंच. नकली निघाला असता तरी माझं काही अडत नव्हतं.

मास्तर : बापाचा कोट, आणि काही अडत नाही?

ताई : सव्वीस वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही मी. गेल्या वर्षी वारले, तेव्हाही फिरकले नाही.

मास्तर : बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय शहीद झालाय. इकडे बसा, मापांची वही काढतो.

ताई : वही कशाला? दोन ओळी पुरेत.

मास्तर : पन्नास वर्षं सेनापतींची मापं घेतोय. पुस्तकं लिहिणारे त्यांना घोड्यावर बघतात, मी बनियनवर बघतो. हे बघा, किल्ला सर करणारे साहेब. उजवा खांदा दोन बोटं खाली. लोक म्हणतात, तलवारीचा घाव. कसला घाव! लहानपणी शेजाऱ्याची फळं चोरताना झाडावरून पडले होते. आणि हे आरमाराचे प्रमुख. त्यांना बोट लागायची. प्रत्येक कोटाला आतून एक लिंबाचा खिसा. सगळी कारकीर्द अशीच, बाहेर पदकं आणि आत लिंबू.

ताई : मला हसवू नका, मास्तर. हसायला आले नाही मी.

मास्तर : बरं. हे तुमचे वडील. कॅप्टन होते तेव्हा कंबर तीस. मेजर, बत्तीस. हुद्द्याबरोबर छाती वाढते असं लोकांना वाटतं, वाढतं पोट. खिंडीच्या लढाईला निघाले तेव्हा बेचाळीस. आता खालची ओळ तुम्हीच वाचा. चष्मा लावा.

ताई : छत्तीस. अहो, ही तारीख तर दहाच आठवड्यांनंतरची आहे.

मास्तर : परेडच्या आठ दिवस आधीची. त्या आरशासमोर उभे होते. कोट अंगावर असा लोंबत होता, मला बघवेना. म्हटलं, साहेब, आत घेतो. तर म्हणाले, "नको, कापूस भर. सैनिकांनी मला असं बघता कामा नये. घरात तर मुळीच कळायला नको." शपथ घातली मला.

ताई : आणि आज ती मोडलीत.

मास्तर : माझ्या टाक्याला कुणी नकली म्हणालं तर मी कसलीही शपथ मोडेन.

ताई : पण ते तर जेवत होते, मास्तर! माझा धाकटा भाऊ होता त्या खिंडीत. तुकडी मागे घेऊ का, असं तीनदा विचारलं त्यांना. तिन्ही वेळा नाही म्हणाले. खिंड राहिली, भाऊ गेला. त्याला पोचवून आलो त्या दुपारी हे टेबलावर बसले, "मीठ कमी आहे" म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पुढे रोज तेच. परेडच्या दुसऱ्या दिवशी मी तोंडावर सांगितलं, तुम्ही माणूस नाही. आणि घर सोडलं.

मास्तर : वाढून घेताना पाहिलंत. गिळताना पाहिलंत?

ताई : ताट तर लख्ख असायचं.

मास्तर : बसलेली गालफडं दिसली नाहीत?

ताई : त्यांच्या तोंडाकडे बघणंच सोडलं होतं मी. ताटाकडे बघायचे.

मास्तर : ताट लख्ख, आणि कंबर सहा इंच आत. दोन्ही कसं जमेल? माझ्या टेपला काही बढती मिळवायची नव्हती, तो खोटं कशाला बोलेल?

ताई : टेबलाखाली कर्नल बसायचा.

मास्तर : कर्नल? टेबलाखाली?

ताई : आमचा कुत्रा.

मास्तर : वा! तुमच्या घरात कुत्र्यालासुद्धा हुद्दा.

ताई : त्या दिवसांत एवढा लठ्ठ झाला होता की जिना चढवेना त्याला. जनावरांचे डॉक्टर मलाच रागावले. मी स्वयंपाकीणबाईंना वाट्टेल ते बोलले. त्या बिचाऱ्या रडून सांगत होत्या, मी एक तुकडा घातला नाही हो त्याला...

(मास्तर टेप गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात.)

मास्तर : पाणी देऊ?

ताई : नको. एकदा मला सांगायचं होतं की! एवढी मोठी खिंड राखली, आणि मुलीशी एक वाक्य बोलता आलं नाही? कसले हे सेनापती!

मास्तर : सगळे असलेच. मी कपडे शिवले म्हणून चारचौघांत बरे दिसले. आता बोला, संग्रहालयाला काय कळवू? कापूस काढून कोट छत्तीसचा करू, की त्यांना जाडा पुतळा आणायला सांगू?

ताई : पुतळा छत्तीसचाच आणू दे. आणि कापूस काढू नका. बाबांनी सांगून भरून घेतलाय ना.

मास्तर : मग बघणाऱ्याला काहीच कळणार नाही.

ताई : नाही कळलं तर नाही. मास्तर, इतकी वर्षं हे कुणाकुणाला ठाऊक होतं?

मास्तर : मला. आणि कर्नलला.