जिताड्याचं डोकं

—नाय नाय, वही मिटू नका, साहेब, एक होडी यायची हाय अजून. विठूच्या होडीतले मासे मोजलेत, त्या पुणेवाल्यांचे मोजलेत, म्हणजे संपलं असं नाय. नवीन पान काढा. तारीख लिहा — रविवार, अठरा जानेवारी. हवा लिहायची असते ना तुम्हाला? लिहा, सकाळी धुकं, आता लख्ख ऊन, वारा उत्तरेचा, अमावास्येचं उधाण. भरती चढतेय बघा, धक्क्याची तिसरी पायरी बुडाली. चौथी बुडाली की आमची होडी दिसते, वळणावरच्या त्या तिवरांमागून. बसा. इथे सावली हाय. रोह्याहून आलात ना तुम्ही? तिथल्या अष्टमी गावात माझी नणंद दिली हाय, पुलाच्या तोंडाशीच घर. तिला विचारा, ही पुतळी कशी हाय, ती सांगेल, वाईट सांगेल, पण खोटं नाय सांगणार.

होडी हरेशची. नवऱ्याचं नाव घेतलं, लिहायचंय म्हणून. आधी आम्ही दोघं मिठागरावर होतो, मग मिठागर बंद पडलं, मग ही होडी. आणि मग आले तुमचे गळवाले — शनिवार-रविवार मुंबईची माणसं, लांब लांब काठ्या, रबराचे मासे, डोळ्याला काळे चष्मे. तुमच्या संघटनेने होड्यांची यादी केली, आमची होडी यादीत लागली, बरं झालं, मी वाईट म्हणते का? त्या यादीवरच तर चूल चालते. आणि नियम मला सगळे पाठ हायत, हां. एका गळवाल्याला दोन जिताडे, जास्ती नाय. दोन फुटांच्या आतला असला की परत पाण्यात. आणि होडीवर मासा अख्खा पाहिजे, डोक्यासकट, शेपटीसकट, धक्क्याला लागेपर्यंत सुरी लावायची नाय — कापला तर मोजणार कसा? बघा, एक तरी चुकला का? कुठून शिकली? घरातच शाळा भरते ना आमच्या. रोज रात्री जेवताना हा सुरू — "मॅडम म्हणाल्या, पुतळे, असं असतं. मॅडम म्हणाल्या, पुतळे, तसं नसतं."

मॅडम म्हणजे ती किमया. तिचं नाव असेल तुमच्याकडे, तुमच्या संघटनेचं कार्ड हाय तिचं. गेले दोन हंगाम दर रविवारी आमचीच होडी. दुसऱ्या होड्या नायत खाडीत? विठूची होडी नवी हाय, तिच्यावर बसायला गादी हाय! पण नाय, तिला हरेशदादाच पाहिजे. दादा बोलते, व्हय. दादा बोलली म्हणून काय झालं? तिने त्याला टोपी आणली. तोंडाला लावायला क्रीम आणली, उन्हाने चामडी जळते म्हणे. मिठागरावर अर्धं आयुष्य पाय खारात आणि डोकं उन्हात, तेव्हा नाय कोणाला त्याच्या चामडीची दया आली! आता रविवारी पहाटे आरशासमोर उभा राहून क्रीम लावतो. मी बोलली, वरातीला निघालास काय? तर बोलतो, नियम हाय. क्रीमचा पण नियम? आणि ती मासा धरते, फोटो काढते, त्याच्या तोंडाची पप्पी घेते — हसू नका, मी या डोळ्यांनी बघितलं — आणि पेटीत दोन झाले की बाकीचे सोडून देते. आणि आमचा माणूस शेजारी उभा राहून टाळ्या वाजवतो. अरे, सोडायचाच तर धरला कशाला? मला तर वाटतं, माशाला पण वाटत असेल, हिने धरलं कशाला.

नाय, विषय तो नाय. विषय डोक्याचा हाय. तुम्ही रोह्याचे, तुम्हाला जिताडा काय सांगायचा. पण आमच्या खारेपाटात डोक्याचा मान असतो. मधली तुकडी पाहुण्याला, पोटाची जावयाला, आणि डोकं रांधणारीचं. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने आपल्या ताटातलं डोकं उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. आणि बाजूला बसून भात कालवत राहिली. त्या दिवशी मी त्या घरची झाली. तेव्हापासून हंगामातल्या पहिल्या जिताड्याचं डोकं माझं. तो होडीवरच कापायचा आणि केळीच्या पानात गुंडाळून आणायचा, कारण अख्खा मासा धक्क्यावर आला की दहाजण येतात — काकी येते, सरपंच येतो, गडबचा तो हॉटेलवाला येतो. त्यांच्या तावडीतून सुटलेलं डोकं, साहेब, त्याचं कालवण काय लागतं! आता दोन हंगाम झाले, डोकं नाय. का? तर मासा अख्खा पाहिजे. अख्खा येतो, मोजतात, आणि अख्खाच मुंबईला जातो, तिच्या पेटीत, बर्फात, माझ्या डोक्यासकट!

आणि गेल्या रविवारी — मी इथेच उभी होती, जाळी झटकत — ती त्याला बोलली, "दादा, एकदा डोक्याचं कालवण खायचंय मला, ताज्या माशाचं, होडीवरच." आणि तो हसला. नाय बोलला नाय, हसला. बस. त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोलली नाय. ताट वाढते, डबा भरते, तोंड बंद. त्याने विचारलं, "काय झालं, गो?" मी भिंतीला बोलली, "दोन हंगाम डोकं बघितलं नाय या घराने." भिंतीने ऐकलं की त्याने ऐकलं, मला माहीत नाय. आणि आज पहाटे बघते तर माझी कोयती नाय! मासे कापायची, लाकडी मुठीची. पडवीत शोधली, पाट्याखाली शोधली. मग दिसली, त्याच्या पिशवीतून मूठ बाहेर. होडीवर कोयती कशाला लागते, साहेब? तुम्हीच सांगा. नियम तर त्याला येतो, तो मला शिकवतो! म्हणजे कापणार. कोणासाठी कापणार? तिच्यासाठी. म्हणून तुम्हाला थांबवलं. आज पेटी उघडा. तिची पिशवी पण उघडा. साक्षीदार लागतो ना? मी देते सही, सातवी शिकलेली हाय, अंगठा नाय लावत. जाऊ दे तिचं कार्ड. जाऊ दे तिला दुसऱ्या खाडीत पप्प्या घ्यायला.

काय? — कार्ड नाय जात? मग?

बंदी होडीवर? नाय, साहेब, ऐका, मासा तिचा ना, गळ तिचा, मग दोष... जो मासा होडीवर, तो होडीवाल्याचा? कोणी का धरेना? असं कुठे लिहिलंय? हे मला नाय सांगितलं त्याने. म्हणजे एक डोकं उडालं तर ती जाईल घरी गाडीत बसून आणि नाव आमचं कटणार यादीतून?

बरं — मग मी काय बोललीच नाय. बायकांचं असतं, साहेब, आम्ही बोलतो. कोयती मीच हरवली असेल, माझं हल्ली लक्ष नसतं. तुम्ही उठा, तुम्हाला उशीर झाला, वडखळला गाडी अडते रविवारी, नागोठण्यापर्यंत रांग लागते. चहा घ्यायचा तर गडबला घ्या. उठा ना. भरतीचं काय बघताय, ती चढतच असते — नाय, ती होडी आमची नाय. टोपी? टोप्या काय सगळेच घालतात.

आला.

उतर, सांभाळून. मॅडम, या. साहेब आज सगळ्यांच्या पेट्या बघतायत, तुमची एकटीची नाय. उघडा. एक. शेपटी हाय, डोकं हाय, तीन फूट, व्हय, मोठा हाय. दोन. तो पण अख्खा. झालं ना? पेटी रिकामी झाली, साहेब, खाली नुसता बर्फ हाय, बर्फात हात कशाला... हा कोणाचा? हरेश, हा कोणाचा रे? डोकं कुठे याचं?

बघा तिची पिशवी! बघितली? नाय? नीट बघा. पाण्याची बाटली, क्रीम, रबराचे मासे. बस? मग कुठे — तो डबा राहू दे. साहेब, तो माझा डबा हाय, घरचा, सकाळी भाकरी दिली होती, उष्टा असेल, त्याला हात नका लावू. झाकणावर नाव हाय बघा कोरलेलं, सौ. पुतळी, लग्नातला हाय. रिकामाच येतो तो. रिकामाच — जड लागतो?

केळीचं पान.

हळद-मीठ पण लावलंस. आठ दिवस बोलली नाय म्हणून कोण असं करतो, रे? काय, मॅडम? तुम्ही नको बोलत होता त्याला? दोनदा बोललात? आणि तुम्हाला काय उत्तर दिलं याने? ... नका सांगू. मला ऐकायचं नाय.

लिहा, साहेब. तारीख लिहून झालीय, हवा पण लिहून झालीय. खाली लिहा. अख्खे जिताडे दोन. डोक्याविना एक. डोकं डब्यात, डबा पुतळीचा. होडी यादीतून बाद, कधीपर्यंत? एकतीस मे. एकतीस मे लिहा.

साक्षीदार. कुठे, इथे? द्या पेन.