मेन्तीरी : योसेफ सरांनी दिलेला शब्द

काकू, अनिलभाऊ, आणि सरांच्या टेबलाशी कधी ना कधी बसलेले तुम्ही सगळे,

सरांच्या शोकसभेला तुम्ही उन्हातून आलात. मला उभं राहून बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय.

मी दहावी नापास. शहाद्याला तहसील कचेरीबाहेर योसेफ सर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहायचे. त्यांच्या शेजारी मी सहा वर्षं बसलो. सर तरुणपणी पाद्री व्हायला गेले होते. दोन वर्षांत परतले, ते थोडं लॅटिन घेऊन.

अंगठा घेण्याआधी सर प्रत्येकाला विचारायचे, स्वतःला माहीत आहे की नुसतं ऐकलंय: "तुले माहीत शे, का ऐकेल शे?" एक आजी चिडली. म्हणाली, "सर, तुम्ही पोलिसपेक्षा जास्त इचारतस." सर हसले. पण तिची ऐकीव ओळ कापली आणि मगच अंगठा घेतला.

मी एकदा म्हणालो, शेवटी खरं निघालं म्हणजे झालं ना? तेव्हा त्यांनी मला एक लॅटिन शब्द दिला. मेन्तीरी. म्हणजे खोटं बोलणं. सर म्हणाले, मनाच्या उलट जाणं म्हणजे मेन्तीरी. खरं समजून चुकीचं सांगितलंस, तर ती नुसती चूक. तिला हा शब्द लावत नाहीत. पण मन नाही म्हणत असताना हो म्हणालास, तर ते पुढे खरं निघालं तरी मेन्तीरीच.

शेवटच्या दुपारी मी आजारी सरांच्या उशाशी होतो, काकू औषध आणायला गेल्या होत्या. मुलगा सुरतेहून निघाला का, असं सरांनी मला विचारलं, "अनिल निंघना का?"

अनिलभाऊ, माफ करा. मी सकाळपासून तुम्हाला सुरतला फोन लावत होतो. बंद होता. बापलेकांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. तुम्ही येणार नाही, असंच मला वाटत होतं.

मी म्हणालो, "हा, सर. बस विसरवाडीले पोची गयी."

सरांनी विचारलं, "तुले माहीत शे, का ऐकेल शे?"

मी म्हणालो, "माहीत शे."

सरांनी तोंड भिंतीकडे केलं. तासाभरात गेले.

संध्याकाळी अनिलभाऊ बसमधून उतरले. त्यांनी वेळ सांगितली, तेव्हा कळलं: मी बोललो तेव्हा ती बस खरंच वाटेतल्या विसरवाडीला होती. सगळे मला म्हणतात, मग तू खोटं कुठे बोललास? समाधान देऊन पाठवलंस त्यांना. तुम्ही प्रेमानं म्हणता. पण मला माहीत नव्हतं. मला ते खोटंच वाटत होतं. सरांनी या गोष्टीसाठीच तर शब्द दिला होता.

सरांनी तोंड फिरवलं ते समाधानानं, की मला ओळखून? मला माहीत नाही. ऐकलेलंही नाही. आता सांगणारं कोणी नाही.

दाराजवळच्या फलकावर 'समाधानाने गेले' असं लिहायला मला सांगितलं होतं. तिथे फक्त नाव आहे. ती ओळ मी लिहिली नाही.

आता उठूया. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.