थरथर नावाचा फॉन्ट

मी, वय ३१ वर्षे, धंदा वेबसाइट बनवणे, राहणार छापखान्यामागची इमारत, दुसरा मजला, पोलिसांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी सदर छापखान्यात चार वर्षांपासून कामाला आहे.

छापखान्यात हाताने पाट्या लिहिणारे एक वयस्कर कारागीर आहेत. सगळे त्यांना पेंटरमामा म्हणतात. मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. त्यातून उठले, पण उजवा हात थरथरतच राहिला. तेव्हापासून ते बांधणीच्या टेबलाशी बसून पानं लावत.

दोन महिन्यांपूर्वी मालक त्यांना म्हणाले, "मामा, तुमच्या अक्षराचा फॉन्ट करून आपल्या वेबसाइटवर टाकू." मामा म्हणाले, "आता हात हलतो हो." मालक म्हणाले, "हलू दे. जसं येईल तसं लिहा." मामा बारा दिवस लिहीत होते. सगळी अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं, आकडे. बिघडलेला कागद ते टोपलीत टाकत नसत, घडी करून खिशात ठेवत.

मी अक्षरं स्कॅन करून फॉन्टची फाइल तयार केली व वेबसाइटला जोडली. मामांनी विचारलं होतं, "रेषा जरा सरळ करून घेशील ना?" मी हो म्हणालो. मालकांनी नको सांगितल्याने केल्या नाहीत. 'थरथर' हे नाव मालकांनी दिलं. पानावर एक चौकट ठेवली. तीत कोणीही काहीही टाइप केलं की ते मामांच्या अक्षरात उमटे आणि तिथेच राही. "लकवा मारलेल्या हाताने तुमचा निरोप" ही वरची ओळ माझी आहे.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मामा मुलीला सोबत घेऊन फॉन्ट बघायला आले. शर्ट इस्त्रीचा होता. मी पान उघडून दिलं. त्यावर दोनशेच्या वर निरोप होते. मामांच्या हाताबद्दल, वाकड्या तोंडाबद्दल, वारलेल्या मामींबद्दल. काही आमच्याच कामगारांचे होते. मुलगी म्हणाली, "बाबा, चला." मामा म्हणाले, "थांब, वाचू दे. अक्षर माझंच आहे." मालक हसले. मीही हसलो.

सगळं वाचून झाल्यावर मामा उठून मागच्या खोलीत गेले. पाणी प्यायला गेले असतील असं वाटलं. तिथे कागद कापायचं जुनं दांड्याचं मशीन आहे. दांडा पडल्याचा आवाज आला म्हणून मी गेलो. उजवा हात पात्याखाली होता, डावा दांड्यावर. मामा ओरडले नव्हते.

अँब्युलन्स येण्यापूर्वी मालक म्हणाले, "मशीन साफ करताना हात गेला, असं सांगायचं." मशीन त्या दिवशी साफच होतं.

काल मुलगी दवाखान्यातून थेट माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, तेवढं पान काढून टाका." मी म्हणालो, "पासवर्ड मालकांकडे असतो." पासवर्ड माझ्याकडे आहे. पान चालू आहे. सोमवार संध्याकाळपासून त्यावर कापलेल्या हाताबद्दल निरोप येत आहेत, त्याच अक्षरात.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. त्यात मला काही बदलायचं नाही.