झोपलेला कंद

दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या कारू भागात दवाखान्याची रांग हलत नव्हती. म्हाताऱ्या डाविडच्या पुढे साना मावशी शेजारच्या योकबशी बोलत होती.

"उद्या केपटाऊनला काळजाचं ऑपरेशन. माझा कुंडीतला कासवकंद सांभाळशील, तो कासवाच्या पाठीसारखा दिसणारा?"

"मी? ट्रेनाला सांग, कामसू बाई आहे."

"म्हणूनच नको! कंद उन्हाळाभर झोपतो. तिनं मायेनं रोज पाणी घालून माझा एक कुजवला. तू गावात सगळ्यात आळशी."

"मग करू काय?"

"काही नाही. माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षांपूर्वी बी लावलं, तेव्हापासून दर उन्हाळ्यात असाच मेल्यागत पडतो."

"पाणी कधी?"

"पावसाळी वारा सुटला, कोंब दिसला, की घाल. माझी वाट बघू नकोस."

"ते काम मला नको, मावशी. आळशी आहे मी. पहिलं पाणी तूच येऊन घाल."